भाड्याचा मोडेम परत करणं हा गुन्हा नाही

गेल्या रविवारी काकांकडे गेले, तर तीन आठवड्यांपूर्वी मीच लावून दिलेला मोडेम, म्हणजे केबलवरून घरात इंटरनेट आणणारा डबा, पुन्हा खोक्यात गेलेला. टीव्हीखालच्या फळीवर केबल कंपनीचा भाड्याचा डबा परत जोडलेला. काकांनी स्वतः कंपनीला फोन करून तो चालू करून घेतला होता. कारण विचारलं तर बोलेनात. शेवटी काकूंनीच फोन माझ्या हातात दिला. "हे वाच. चार रात्री झोपलेले नाहीत ते."

तो मेसेज तुमच्यापैकीही अनेकांकडे आला असेल. "अमेरिकेतील मराठी बांधवांनो, सावधान!" अशी सुरुवात आणि खाली सहा मुद्दे. एफसीसीच्या, म्हणजे दूरसंचारावर देखरेख करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या, नव्या नियमाने बंदी असल्यामुळे स्वतःचा केबल मोडेम लावणं ही कायद्याने केबलचोरी आहे आणि ती सिटिझनशिपच्या अर्जात आड येते. भाड्याचा मोडेम परत केला तरी कंपनी भाडं लावतच राहते. स्वतःच्या मोडेमवर वेग निम्मा होतो. त्याला अपडेट मिळत नाहीत, म्हणून तो हॅक होतो. बिघडला तर कंपनीचा माणूस येत नाही. आणि एवढं करून पैसेही वाचत नाहीत. शेवटी "आपल्या माणसांपर्यंत नक्की पोहोचवा". लोकांनी पोहोचवला. न्यू जर्सीतल्या आमच्या तीन ग्रुपांवर मला तो दिसला, आणि एकानेही "हे कुठून कळलं?" असं विचारलेलं नव्हतं.

पहिल्या मुद्द्याबद्दल मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण खरं नुकसान त्याने केलंय.

काका-काकू मुलाच्या अर्जावर ग्रीन कार्ड घेऊन ठाण्याहून इथे आले. त्याला पाच वर्षं होत आली, म्हणून काका सध्या नागरिकत्वाचा एन-४०० फॉर्म भरतायत. त्यात एक प्रश्न असा आहे: ज्यासाठी अटक झाली नाही असा एखादा गुन्हा तुम्ही कधी केला आहे का? सरळ माणूस या प्रश्नापाशी थबकतोच. नेमका त्याच आठवड्यात हा मेसेज आला. आयुष्यात कधी बिनतिकीट लोकलमध्ये न चढलेला बहात्तर वर्षांचा माणूस, आता "हो"वर खूण करायची की "नाही"वर, याचा विचार करत रात्री पलंगावर बसून राहिला. मेसेज लिहिणाऱ्याने काकांना पाहिलेलं नाही, हे खरं. पण मोडेमबद्दलच्या मजकुरात सिटिझनशिप आणायचं काहीही कारण नव्हतं. परदेशात कागदांवर जगणाऱ्या माणसाला कुठे हात लावला की तो घाबरतो, हे ठाऊक असलेल्याचंच ते काम आहे, आणि मला त्याचा राग आहे.

केबलचोरीचा कायदा खरंच आहे. फेडरल संहितेच्या, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यांच्या संग्रहाच्या, ४७व्या शीर्षकातलं ५५३वं कलम. पण ते आहे केबल कंपनीच्या परवानगीशिवाय तिची सेवा घेण्याबद्दल. नव्वदच्या दशकात पैसे न भरता बंद चॅनल उघडून दाखवणारे काळे डबे विकले जायचे, ते या कायद्यात सापडायचे. मोडेमच्या बाबतीतही खटले झालेत. मोडेममधलं सॉफ्टवेअर बदलून, दुसऱ्या ग्राहकाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या मोडेमचा ओळख क्रमांक, चोरून फुकट इंटरनेट वापरता येईल असे मोडेम विकणाऱ्या एकाला २०१२ साली बॉस्टनच्या फेडरल कोर्टाने दोषी ठरवलं. यातलंच काहीतरी अर्धवट कानावर पडून मेसेजवाल्याने स्वतःचा मोडेम आणि चोरीचा मोडेम एकाच पंक्तीला बसवले असावेत.

काकांच्या मोडेमचं काय झालं होतं ते पाहा. मी तो दुकानातून रीतसर विकत घेतला. कंपनीच्या साइटवर चालणाऱ्या मोडेमची यादी असते, तिच्यात त्याचं मॉडेल आहे हे आधी पाहिलं. मग काकांनीच कंपनीला फोन केला, मोडेमच्या तळाशी छापलेला मॅक पत्ता एकेक अक्षर करून वाचून दाखवला, पलीकडच्या बाईंनी तो त्यांच्या खात्यावर चढवला आणि दहा-पंधरा मिनिटांत दिवा स्थिर झाला. केबलच्या जाळ्यावरून इंटरनेट मिळायला मोडेमची कंपनीकडे नोंद लागते. ती नोंद कंपनीने स्वतः केली म्हणजेच परवानगी मिळाली होती. दरमहा बिल भरणारा, कंपनीला फोन करून उपकरणाची नोंद करणारा माणूस चोर कसा ठरतो?

हे सगळं ऐकून काका म्हणाले, "अगं, पण डबा त्यांचाच असतो ना? आपला कसा चालेल?" त्यांचंही चूक नाही. ठाण्याच्या घरी कैक वर्षं नंबर लावून फोन आला, तेव्हा तो डायलचा काळा फोन टेलिफोन खात्याचाच होता. बिघडला तरी आपण उघडायचा नाही, असा घरात दंडक होता.

अमेरिकेतही एके काळी तेच होतं. एटी अँड टीच्या फोनला बाहेरची कुठलीही वस्तू जोडायला बंदी होती. बोलणं शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून रिसीव्हरवर बसवायचा हश-अ-फोन नावाचा एक साधा कप होता, त्यालासुद्धा कंपनीने हरकत घेतली. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९५६ साली निकाल कंपनीच्या विरोधात लागला. मग टेक्सासच्या थॉमस कार्टर यांचं कार्टरफोन आलं, म्हणजे दूर रानात असलेल्या माणसाचा वायरलेस सेट टेलिफोनच्या लाइनला जोडून देणारं यंत्र. एफसीसीने १९६८ साली निर्णय दिला की जाळ्याला अपाय होत नसेल, तर ग्राहकाला स्वतःचं उपकरण जोडण्यापासून कंपनी अडवू शकत नाही. पुढे दुकानातून विकत घेतलेले फोन, आन्सरिंग मशीन, डायल-अप मोडेम हे सगळं त्याच वाटेने घरोघरी आलं. केबलवरून मिळणाऱ्या सेवांची उपकरणं ग्राहकाला कंपनीशी संबंध नसलेल्या विक्रेत्याकडून घेता यावीत, ही तरतूद १९९६च्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्यात आहे. "एफसीसीच्या नव्या नियमाने बंदी" असं मेसेज म्हणतो, आणि अर्ध्या शतकाहून जुना निर्णय नेमका त्याच्या उलट आहे.

दुसरा मुद्दा: परत केला तरी भाडं लावतात. इथे मला थोडं मान्य करावं लागेल. एके काळी हे घडत होतं. स्वतःचा राउटर, म्हणजे वायफाय देणारं यंत्र, वापरणाऱ्यांकडूनही फ्रंटियर कंपनी महिन्याला १० डॉलर घेते, अशा बातम्या २०१९ साली बऱ्याच गाजल्या होत्या. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, टेलिव्हिजन व्ह्यूअर प्रोटेक्शन ॲक्ट मंजूर केला. नावात टेलिव्हिजन असलं तरी त्यात घरच्या ब्रॉडबँडचाही स्पष्ट उल्लेख आहे. आज ते ४७व्या शीर्षकातलं ५६२वं कलम आहे, आणि एफसीसीने वाढवून दिलेली मुदत संपल्यावर, म्हणजे डिसेंबर २०२०पासून, ते कंपन्यांना लागू आहे. ग्राहकाने स्वतःचं उपकरण वापरलं म्हणून त्याच्याकडून आकार घेता येत नाही. जे उपकरण कंपनीने दिलंच नाही, किंवा ग्राहकाने परत केलं, त्याचंही भाडं लावता येत नाही. फक्त ते त्याच्याकडे होतं तेवढ्या काळाचं घेता येतं.

या मेसेजला उत्तर म्हणून ग्रुपवर एकच गोष्ट टाकायची असेल, तर हे कलम टाका. इंग्रजी मजकूर छोटा आहे, कोणालाही वाचता येतो. आणि त्यातला डबा परत करण्याबद्दलचा भाग नीट वाचा, कारण लोक तिथेच फसतात. नवा मोडेम लावला आणि जुना कपाटात ठेवून दिला, तर भाडं चालूच राहतं आणि ते कायदेशीर असतं. डबा त्याच्या वायरी-अडॅप्टरसकट परत करायचा, परत केल्याची पावती घ्यायची, त्यावर डब्याचा सीरियल नंबर आहे ना हे तिथेच उभं राहून बघायचं, आणि पुढची दोन बिलं ओळ न् ओळ तपासायची. "परत करूनही भाडं लावलं" अशा ज्या तक्रारी मी ओळखीत ऐकल्या, त्यातल्या जवळपास सगळ्यांत पावती नव्हती.

वेग निम्मा होतो, असं सरसकट म्हणणं खोटं आहे. तुमचा वेग कंपनी ठरवते. मोडेम चालू झाला की कंपनीकडून त्याला एक छोटी फाइल येते, तुम्ही ज्या प्लॅनचे पैसे भरता त्याची मर्यादा तिच्यात असते, आणि मोडेम भाड्याचा असो की घरचा, तो तीच पाळतो. हो, पण मोडेम जुना नसावा. केबल मोडेम डॉक्सिस नावाच्या मानकावर चालतात. कोणी दिलेला आठ चॅनलचा, म्हणजे डेटा येण्याच्या आठच वाटा असलेला, जुना डॉक्सिस ३.० मोडेम गिगाबिटच्या (सेकंदाला हजार मेगाबिट) प्लॅनला लावला, तर तो ३०० मेगाबिटच्या आसपास अडकणारच, कारण एका चॅनलमधून जेमतेम ३८ मेगाबिट येतात. आज घ्यायचा तर डॉक्सिस ३.१चाच घ्या. अपलोडच्या बाबतीत मात्र मेसेजवाल्याचं थोडं खरं आहे. काही भागांत कंपन्यांनी वर जाणाऱ्या डेटासाठी जास्त जागा मोकळी केली आहे, आणि तो वाढीव अपलोड ठरावीक मॉडेलांनाच मिळतो. कोणी रोज मोठमोठे व्हिडिओ चढवत असेल, तर त्याने खरेदीच्या आधी हे विचारून घ्यावं. काका नातवाला व्हिडिओ कॉल करतात आणि मराठी मालिका बघतात.

अपडेटचा मुद्दा वाचून मला वाटलं, लिहिणाऱ्याने मोडेम आणि राउटर यांतला फरकही समजून घेतलेला नाही. केबल मोडेमचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, केबलवरून कंपनीच पाठवते, मोडेम तुमच्या मालकीचा असला तरी. राउटर वेगळा घेतला तर त्याचे अपडेट आणि पासवर्ड ही तुमची जबाबदारी, आणि ती घ्यायला हवी. तसं तर काही कंपन्यांच्या भाड्याच्या गेटवेमधून, म्हणजे मोडेम आणि राउटर एकत्र असलेल्या डब्यातून, येणाऱ्या-जाणाऱ्या ग्राहकांसाठी सार्वजनिक वायफायही चालू ठेवलेलं असतं, आणि ते बंद करायला सेटिंगमध्ये शोधाशोध करावी लागते. त्याबद्दल मेसेजमध्ये एक शब्द नाही. बाजारातला प्रत्येक मोडेम चांगला असतो असंही मी म्हणणार नाही. इंटेलच्या प्यूमा ६ चिपवर चालणाऱ्या मोडेममध्ये डेटा पोहोचण्यातला विलंब मधूनच वाढायचा, ही तक्रार २०१६च्या अखेरीस सगळीकडे झाली होती. पण ती चिप भाड्याच्या डब्यांतही होती.

बिघडला तर कंपनीचा माणूस येत नाही, हे अर्धं खरं. रस्त्यापासून घरापर्यंतची लाइन कंपनीचीच, ती बिघडली तर दुरुस्ती त्यांनीच करायची. मोडेमच मेला, तर वॉरंटी संपल्यावर नवा आपल्याला घ्यावा लागतो. हा धोका आहे, आणि तो हिशेबात धरायला हवा.

मग हिशेबच करू. काका महिन्याला १५ डॉलर भाडं देतात, वर्षाचे १८०. मोडेम मला १६० डॉलरला पडला. राउटर आमच्याकडे जास्तीचा होता, तो दिला. अकरा महिन्यांत पैसे फिटतात. मोडेम चार वर्षं टिकला तरी काकूंच्या भारतवारीच्या तिकिटाला हातभार लागतो. राउटरही नवा घ्यावा लागला, तर दीड वर्ष धरा. पण सगळ्यांचा हिशेब असा येणार नाही, हे कबूल केलं पाहिजे. काही कंपन्या मोडेमचं भाडं घेतच नाहीत, फक्त वायफायचं घेतात. काहींच्या नव्या प्लॅनमध्ये डबा किमतीत धरलेलाच असतो. काही ठिकाणी भाड्याच्या डब्याबरोबर अमर्याद डेटा स्वस्त पडतो. घरी केबल कंपनीचा लँडलाइन असेल, तर फोनची सोय असलेला मोडेम लागतो आणि तो महाग असतो. फायबरवाल्यांना केबल मोडेम लागतच नाही. तेव्हा आधी बिल काढा आणि त्यात मोडेमची वेगळी ओळ आहे का ते बघा. ओळ नसेल, तर विषयच नाही.

पण काकांच्या बिलात ती ओळ आहे. रविवारी आम्ही दोघं टेबलाशी बसून ५५३ आणि ५६२ ही दोन्ही कलमं वाचली. काकांनी चष्मा पुसून दुसरं कलम पुन्हा एकदा, मोठ्याने वाचलं. मग एन-४००चे कागद काढले आणि त्या प्रश्नासमोर "नाही"वर खूण केली. शनिवारी मी मोडेम परत लावायला जाणार आहे. भाड्याचा डबा वायरींसकट पिशवीत भरून काकूंनी दाराशी ठेवायचा, आणि तो द्यायला काका स्वतः माझ्याबरोबर येणार, असं ठरलंय. पावती त्यांना स्वतःच्या हाताने घ्यायची आहे.