सिरपूरच्या बदकांना ब्रेड घालू नका, प्लीज

जरा स्पष्टच लिहितेय, कुणाला राग आला तर येऊ दे, पण थंडी सुरू झाली की आपल्या इंदौरच्या सिरपूर तलावाच्या काठावर जे चालतं ना ते आता बघवत नाही. रविवारी सकाळी पोहे-जलेबी झाली की अख्खी फॅमिली तलावावर, कुणाच्या हातात ब्रेडचं पाकीट, कुणाकडे परमलची, म्हणजे मुरमुऱ्यांची थैली, काहींकडे तर चक्क सेव, आणि मग "टाक टाक, ती बघ कशी आली" करत सगळं पाण्यात. त्यामागचा भाव चांगला असतो हे मला मान्यच आहे, मुक्या जीवाला दोन घास घालावेत हे आपल्या घराघरात शिकवलेलं असतं. पण यातले बरेचसे घास त्या पक्ष्यांपर्यंत पोचतच नाहीत हो, मला एवढंच सांगायचंय.

एकदा काठाशी वाकून नीट बघा. फुगून लगदा झालेला ब्रेड, सेवेच्या तेलाचा तवंग, आणि खाली काळा चिखल, त्यात काडी खुपसली की बुडबुडे येतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. कारण उरलेलं अन्न तळाशी जाऊन कुजतं, ते कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात, आणि ऑक्सिजन संपला की मग तो वास. सिरपूर आधीच उथळ आहे, भर पावसाळ्यातही जेमतेम 2 मीटर खोल, त्यात पोषकद्रव्यं आधीच जास्त. अशा पाण्याला थोडंसंही पुरतं.

थोडंसं म्हणजे किती, तर हिशोब करून बघू. काही जण दान म्हणून मासळीला पिठाच्या गोळ्याही घालतात. 1 किलो गव्हाच्या पिठात साधारण 3 ग्राम फॉस्फरस असतो, शेवाळ वाढवणारं पोषकद्रव्य ते हेच. तलावाच्या 1 लिटर पाण्यात 0.03 मिलिग्रामच्या वर फॉस्फरस गेला की शेवाळ माजायला लागतं असं ढोबळमानाने धरतात. म्हणजे मासळीला घातलेल्या एका किलो पिठाच्या गोळ्यांतला फॉस्फरस 1 लाख लिटर पाण्याला त्या हद्दीपर्यंत न्यायला पुरे, 10 हजार लिटरचे 10 टँकर! पक्ष्यांनी खाल्लं तरी विष्ठेतून त्यातला बराचसा परत पाण्यातच येतो. बदक तलावातलंच खाऊन तलावातच शिटलं तर निदान बाहेरची भर पडत नाही, पण आपण टाकतो ते बाजारातून आणलेलं, ते आत जातं आणि साचत राहतं. मग पाणी हिरवंगार होतं, रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन ओढतं आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडून श्वास घ्यायला लागतात. निळं-हिरवं शेवाळ माजलं तर त्यातल्या काही जाती विषारी पण असतात, ते पाणी गुरं पितात, कुत्री पितात.

आणि ज्यांच्यासाठी आपण जातो ते पाहुणे? थापट्या, तलवार बदक, मध्य आशिया-सायबेरियाकडून हजारो किलोमीटर उडून येतात, स्वभावाने लाजरे, बहुतेक मधोमधच राहतात. थापट्याची चोच दुर्बिणीतून बघा कधीतरी, पुढे चमच्यासारखी पसरट आणि आतून कडेला बारीक दाते, त्याने पाणी गाळून गाळून तो बारीक किडे आणि बिया खातो. त्याला तुमचा ब्रेड नकोच आहे, त्याला ते पाणी जिवंत हवंय. काठाशी जे पक्षी येतात त्यांचंही पोट मैद्याने नुसतं भरतं, अंगी काही लागत नाही, शिळ्या ब्रेडच्या बुरशीने फुफ्फुसाचे आजार होतात, शिवाय एकाच जागी गर्दी झाली की रोग पसरायला वेळ लागत नाही. राजस्थानातल्या सांभर तलावावर 2019 मध्ये बोटुलिझमने, म्हणजे एका जंतूच्या विषाने, हजारो पक्षी मेले ते आठवत असेल. तिथे ब्रेडचा काही संबंध नव्हता, पण तो जंतू वाढतो तो असाच, ऑक्सिजन नसलेल्या कुजक्या जागी आणि गरमीत.

आता कोणीतरी म्हणेलच की अहो काकू, तलावात गटारं सुटतात त्याचं काय, दोन ब्रेडने काय होतंय. बरोबर आहे, सांडपाणी हा कितीतरी मोठा प्रश्न आहे आणि त्याबद्दल नगर निगमला (महापालिकेला) धारेवर धरलंच पाहिजे. पण त्याला बजेट लागतं, पाइपलाइन लागते, वर्षं जातात. थैली घरी ठेवायला काय लागतं? 2022 मध्ये सिरपूर आणि आपला दुसरा तलाव यशवंत सागर, दोन्ही रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले, 2025 मध्ये उदयपूरबरोबर आपल्या इंदौरला वेटलँड सिटीचा, म्हणजे पाणथळ जागा जपणाऱ्या शहराचा मान मिळाला, देशात पहिल्यांदाच. होळकरांनी बांधून ठेवलेले तलाव आहेत हे, आपण फोटो टाकून मिरवतो पण! आणि यशवंत सागरचं पाणी तर शहराला प्यायलाही येतं.

दान करायचंच असेल तर काकघास गच्चीवर ठेवा, गाईला चारा घाला. ज्योतिषाने मासळीला पिठाच्या गोळ्या सांगितल्या असतील तर तेच पीठ एखाद्या गरजू घरी द्या, गुरुजींना विचारून बघा, नाही म्हणणार नाहीत. मुलांना घेऊन जाच सिरपूरला, पण हातात दुर्बीण द्या, एकच पुरते सगळ्यांना. थापट्या ओळखायला लावा, वारकरी ओळखायला लावा, काळा पक्षी आणि कपाळावर पांढरा टिळा, लहान पोरं पण लगेच ओळखतात.

सुदामा नगर, राजेंद्र नगरवाल्यांनी आपापल्या ग्रुपवर हे टाकाल का? आणि काठाशी परमल-ब्रेड विकणारे जे ठेलेवाले आहेत त्यांच्यावर चिडू नका, त्यांचं पोट आहे त्यावर. आपण घेणं बंद केलं की ते भुट्टे विकतील, चहा विकतील.