एअरबोटला नंबर आणि दिवे लागत नाहीत म्हणे!

फ्लोरिडातील मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांमधून सध्या एअरबोटविषयी, म्हणजे मागे विमानासारखा पंखा लावलेल्या उथळ पाण्यातल्या बोटीविषयी, एक लांबलचक संदेश फिरतो आहे. असे संदेश मी एरवी वाचून सोडून देतो. परंतु माझ्या भाच्याने दोन मित्रांबरोबर भागीदारीत एक जुनी एअरबोट घेतली असून, हाच संदेश मला पाठवून ‘मामा, म्हणजे दिव्यांचा खर्च वाचला ना?’ असे त्याने विचारले, तेव्हा गप्प बसणे शक्य झाले नाही. किसिमीजवळच्या तोहोपेकालिगा तलावावर रात्री बोट काढण्याचा त्या तिघांचा बेत आहे.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. एअरबोटचा पंखा पाण्याबाहेर असतो, म्हणून कायद्याच्या दृष्टीने ती बोटच नव्हे. नोंदणी क्रमांक ऐच्छिक आहे आणि लावायचाच झाला तर तो पंख्यामागच्या सुकाणूवर लावावा, अमेरिकेत कुठेही चालतो. अक्षरे कोणत्याही वळणाची चालतात. रात्री समोर एलईडीची पट्टी असली की लाल-हिरव्या दिव्यांची गरज नाही, फार तर हॉवरक्राफ्टप्रमाणे पिवळा लुकलुकता दिवा लावावा. आणि नारिंगी झेंडा असेल तर दिव्यांची सक्तीच नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या!

पहिला दावा निकालात काढायला फ्लोरिडाच्या कायद्यातील एक व्याख्या पुरेशी आहे. कलम ३२७.०२ मध्ये पाण्यावरील वाहनाची व्याख्या करताना एअरबोटचे नाव स्पष्टपणे घेतलेले आहे. वगळले आहे ते पाण्यावर उतरलेल्या विमानाला. त्याच कलमात एअरबोटची वेगळी व्याख्याही आहे: उथळ पाण्यासाठी बांधलेले, मागच्या भागावर विमानासारखा पंखा बसवलेले आणि त्या पंख्याची हवा सुकाणूंवर ढकलून चालणारे पाण्यावरील वाहन. ज्या पंख्याच्या आधारावर संदेशकर्त्याने एअरबोटला कायद्याबाहेर काढले, तोच पंखा कायद्याने तिची ओळख म्हणून नोंदवलेला आहे. हे कलम इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता येते. संदेश लिहिणाऱ्याने ती तसदी घेतलेली दिसत नाही. याच कायद्यात पुढे, राज्याच्या पाण्यावर वाहन हाकणाऱ्या प्रत्येकाने जलवाहतुकीचे नियम पाळले पाहिजेत, असेही म्हटले आहे, आणि ‘राज्याचे पाणी’ यात अंतर्गत तलाव, नद्या आणि कालवेही येतात. त्यामुळे ‘हे सगळे समुद्रावरचे नियम आहेत, तळ्यावर कोण विचारतो’ हा बचावही टिकत नाही. केवळ खासगी तळ्यातच चालणाऱ्या बोटीला क्रमांक लावण्यातून सूट आहे, पण तोहोपेकालिगा काही कोणाच्या परसातले तळे नव्हे.

सुकाणूच्या बाबतीत मात्र, इच्छा नसतानाही, अर्धे मान्य करावे लागते. सर्वसाधारण नियम असा आहे की क्रमांक बोटीच्या पुढच्या अर्ध्या भागात, दोन्ही बाजूंना, रंगवलेला किंवा कायमचा चिकटवलेला असावा. फ्लोरिडाच्या कलम ३२८.४८ ने एअरबोटसाठी यातून एक सवलत दिली आहे आणि क्रमांक सुकाणूच्या दोन्ही बाजूंना लावण्यास परवानगी दिली आहे. त्यामागचे कारण उघड आहे: एअरबोटच्या बाजू बुटक्या असतात आणि ती करवतीच्या धारेसारख्या पात्यांच्या गवतातून घासत जात असल्याने तिच्या पुढच्या बाजूवरची अक्षरे लवकर खरवडून निघतात. पण ही सवलत एका राज्याच्या कायद्यातील आहे. संघराज्याचा नियम पुढच्या अर्ध्या भागाचाच आहे आणि जिथे क्रमांक चिकटत नाही किंवा नीट दिसत नाही, तिथे तो एका पाटीवर लावून ती पाटी पुढच्या अर्ध्या भागातच बसवावी, असे तो सांगतो. म्हणजे ‘अमेरिकेत कुठेही चालतो’ हे तीन शब्द संदेशकर्त्याने पदरचे घातलेले आहेत. ट्रेलरवर बोट चढवून जॉर्जियात नेणाऱ्याने ते खरे मानून निघू नये.

अक्षरांचे कोणतेही वळण चालते, हे तर साफ चुकीचे आहे. अक्षरे सरळ, ठोकळ्यासारखी, किमान ३ इंच उंचीची, डावीकडून उजवीकडे वाचता येणारी आणि पार्श्वभूमीशी ठळक विरोध असलेल्या एकाच रंगाची असावी लागतात. अक्षरगट आणि अंकगट यांच्यामध्ये एका अक्षराएवढी जागा किंवा आडवी रेघ ठेवावी लागते. भाच्याच्या बोटीवर आधीच्या मालकाने काळ्या रंगावर गडद जांभळ्या, ज्वाळांसारख्या लपेटदार अक्षरांत क्रमांक रंगवून घेतला आहे. तो दहा फुटांवरून मला वाचता आला नाही. वैधतेचा स्टिकर डाव्या बाजूला, क्रमांकापासून ६ इंचांच्या आत लावायचा असतो, आणि नोंदणीचे प्रमाणपत्र बोट चालू असताना बोटीवरच हवे, हेही संदेशात कुठे नाही.

आता दिवे. संदेशातील बाकीच्या चुकांनी फार तर दंड होईल. ही चूक माणसे मारू शकते.

नियम साधा आहे. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत, आणि धुके किंवा मुसळधार पावसात दिवसाही, यंत्रावर चालणाऱ्या बोटीने दिवे लावले पाहिजेत. बारा मीटरपेक्षा लहान बोटीला (म्हणजे जवळपास प्रत्येक एअरबोटला) डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा एवढे पुरते. लाल आणि हिरवा दिवा प्रत्येकी समोरपासून ११२.५ अंशांपर्यंतच दिसावा आणि किमान एक सागरी मैलावरून दिसावा. पांढरा किमान दोन सागरी मैलांवरून दिसावा आणि बाजूच्या दिव्यांपेक्षा किमान एक मीटर उंच असावा. हे अंश आणि ही उंची कोणाची हौस म्हणून ठरलेली नाही. अंधारात समोरची बोट दिसत नाही, फक्त तिचे दिवे दिसतात, आणि त्यांच्या रंगावरून ती कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे कळते. आपल्या उजवीकडून आडव्या येणाऱ्या बोटीची डावी बाजू आपल्याकडे असते, म्हणून तिचा लाल दिवा दिसतो आणि वाट आपण द्यायची असते. तिला आपला हिरवा दिसतो आणि ती आपला मार्ग व वेग कायम ठेवते.

एलईडीची पट्टी यातले काहीही सांगत नाही. ती चालकाला पुढचे गवत दाखवते आणि समोरच्याचे डोळे दिपवते, एवढेच तिचे काम. तिच्या झगमगाटात लाल-हिरवे दिवे असले तरी बुडून जातात, आणि नेमके यासाठीच नियमावलीत अशी अट आहे की ठरलेल्या दिव्यांची दृश्यता कमी करणारा, त्यांच्याशी गल्लत होईल असा किंवा आजूबाजूला नजर ठेवण्यात अडथळा आणणारा दुसरा कोणताही दिवा लावू नये. मागून पाहणाऱ्याला तर पट्टीवाली बोट निव्वळ अंधार असते. रात्री एअरबोटीने बेडूक पकडायला निघालेल्यांच्या कपाळावरच्या बॅटरीलाही हेच लागू आहे.

त्यात एअरबोटची स्वतःची अडचण आहे. तिला ब्रेक नसतात आणि बहुतेकींना मागे जाण्याची सोय नसते. वेग कमी केला की सुकाणूवर हवा पडणे थांबते, म्हणजे घाबरून इंजिनाचा जोर सोडला तर वळण्याची ताकदही जाते. पंख्याच्या आवाजामुळे चालकाच्या कानांवर संरक्षक असतात, त्यामुळे दुसरी बोट ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. अशा दोन बोटी गवतातल्या अरुंद वाटेवर रात्री समोरासमोर आल्या तर एकमेकींना ओळखण्यासाठी त्यांच्याकडे दिव्यांशिवाय दुसरे काय आहे?

पांढरा दिवा कुठे बसवायचा हेही इथे महत्त्वाचे आहे. भाच्याच्या बोटीत तो चालकाच्या आसनाच्या पाठीला, पंख्याभोवतीच्या पिंजऱ्याच्या पुढे आणि पिंजऱ्याच्या माथ्यापेक्षा खाली बसवलेला आहे. मागून पाहिले की इंजिन, पंखा आणि पिंजरा तिन्ही त्याच्या आड येतात. पुढून पाहिले की चालकाचे डोके. चहूबाजूंनी दिसणारा दिवा कशाच्याही आड गेला की तो चहूबाजूंचा राहत नाही, म्हणून त्याची जागा पिंजऱ्याच्या माथ्यावर, एका छोट्या काठीच्या टोकाला आहे.

पिवळ्या लुकलुकत्या दिव्याची कल्पना अर्धवट वाचनातून आलेली आहे. हवेच्या गादीवर तरंगणाऱ्या वाहनांना, म्हणजे हॉवरक्राफ्टला, तरंगत असताना इतर दिव्यांबरोबर असा दिवा लावावा लागतो, हे खरे आहे. हॉवरक्राफ्ट वाऱ्याने बाजूला सरकते, तिचे तोंड एकीकडे आणि प्रवास दुसरीकडे असू शकतो, आणि तिच्या लाल-हिरव्या दिव्यांवर पूर्ण विसंबू नका, हे इतरांना सांगण्यासाठी तो इशारा आहे. एअरबोटच्या तळाखाली हवा कोंडलेली नसते. तिचा तळ पाण्यावर किंवा गवतावर टेकलेला असतो आणि पंखा हवा फक्त मागे फेकतो. तिने पिवळा दिवा लावणे म्हणजे मी जे नाही ते आहे असे भर अंधारात सांगणे. शिवाय हॉवरक्राफ्टलासुद्धा तो इतर दिव्यांच्या जोडीला लावायचा असतो, त्यांच्याऐवजी नव्हे. हाच न्याय लावून उद्या कोणी निळा लुकलुकता दिवा सुचवायच्या आत सांगून ठेवतो, तो पोलिसांच्या बोटींसाठी राखीव आहे.

राहिला झेंडा. फ्लोरिडात एअरबोटवर बोटीच्या सर्वांत खालच्या भागापासून किमान १० फूट उंचीवर, किमान १० इंच बाय १२ इंचांचा नारिंगी झेंडा लावणे सक्तीचे आहे, कारण उंच गवतात बोट लपते आणि झेंडा वर डोकावतो. दिवसा त्याचा उपयोग आहे, आणि अंधारात तो कोणालाही दिसत नाही. कायद्यात झेंडा आणि दिवे या दोन स्वतंत्र सक्ती आहेत. एक पाळली म्हणून दुसरी माफ होत नाही. झेंड्याची काठी बसवताना ती पांढऱ्या दिव्याच्या आड येणार नाही, तेवढे मात्र पाहून घ्यावे.