नाव तेच, सामान वेगळं

आमचा कट्टा म्हणजे परभणीत वसमत रस्त्यावरच्या माझ्या मोटार वायंडिंगच्या दुकानापुढचा ओटा. संध्याकाळी साडेसातला समोरून पाच चहा येतात आणि मग ज्याला जसं जमेल तसा तो उठतो. परवा मात्र साडेदहापर्यंत कुणी उठलं नाही. विषय होता पिस्तुलाचा. मला जे म्हणायचं होतं ते त्या रात्री धड बोलता आलं नाही, म्हणून लिहून काढतोय.

सुरुवात केली ती मेडिकलवाल्याच्या पोरानं. तो दहा मीटर एअर पिस्तूल मारतो. 2024 मध्ये स्वप्निल कुसाळेनं पॅरिसहून ब्राँझ आणल्यापासून त्याच्या घरच्यांनीही त्याला अडवणं सोडलंय. त्यानं मोबाइलवर एक फोटो काढून हवालदार काकांपुढं धरला.

"काका, तुम्ही सांगता ते नाइन एम एम हेच का?"

काका सैन्यात आर्मोरर होते. हत्यारं दुरुस्त करण्यात त्यांची चोवीस वर्षं गेली. त्यांनी चष्मा लावला, मोबाइल जरा लांब धरला. "हेच. आमच्याकडं याचीच ईशापूरच्या कारखान्यातली नक्कल होती. पण हे अस्सल दिसायलंय, बेल्जमचं. ब्राउनिंग हाय पॉवर."

"हे बंद झालंय काका. 2018 मध्येच."

काकांनी कप खाली ठेवला. "कामून?"

मी त्यांना ओळखतो तेव्हापासून त्यांच्या तोंडून शस्त्राचं कौतुक असं कधी ऐकलं नव्हतं. गोळीबाराचे किस्से ते सांगत नाहीत. पण त्या एका 'कामून'मध्ये, घरातलं माणूस गेल्याची बातमी उशिरा कळावी, तसं काहीतरी होतं. पुढं तासभर तेच बोलत होते.

हे पिस्तूल जॉन ब्राउनिंग या अमेरिकन माणसानं सुरू केलं आणि पुरं दुसऱ्यानंच केलं. ब्राउनिंग 1926 मध्ये बेल्जियममधल्या लिएजला, एफ एन कंपनीच्या कारखान्यातच वारले. अर्धवट राहिलेलं काम तिथल्याच दियुदोने सेव यांनी पुढं नेलं. 1935 मध्ये ते बेल्जियमच्या सैन्यानं घेतलं. बाकीच्या पिस्तुलांत सात-आठ गोळ्या मावायच्या त्या काळात यात तेरा. मॅगझिनमध्ये गोळ्या दोन ओळींत एकमेकींना खेटून बसतात आणि वर येता येता त्यांची एकच ओळ होते. काकांनी ओट्यावर काड्यापेटीतल्या काड्या तिरक्या लावून ते दाखवलं. तेरा गोळ्या असूनही मूठ जाड होत नाही, ती यामुळं. "हातात धरलं की वाटतं, आपल्याच हाताचं माप घेऊन केलंय," काका म्हणाले. "फक्त एक खोड. घोडा चावतो." त्यांनी अंगठा आणि तर्जनीच्या मधली चामडी दाखवली. स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागं आली की घोडाही मागं वळतो आणि तिथली कातडी चिमटतो. ज्याचा पंजा मोठा त्याला जास्त. फायरिंगच्या दिवशी जवान बोटांच्या बेचक्यात चिकटपट्टी लावून यायचे म्हणे.

मिस्त्रींना लेथवर तीस वर्षं झाली. जिनिंगच्या गेअरपासून उसाच्या चरकाच्या रोलरपर्यंत परभणीत जे काही मोडतं ते त्यांच्याकडं येतं. त्यांचा सवाल सरळ होता. "हवालदारसाब, ही बॉडी कशाची?"

"लोखंडी. आख्ख्या पोलादातून कोरून काढलेली."

"मग बंद झालं त्यात नवल काय? एक ठोकळा मशीनवर चढवायचा, किती बाजूंनी कापायचा, वरून हातानं बसवायचा. आता लोक प्लास्टिक साच्यात ओततात, मिनिटात बॉडी बाहेर. माझ्याकडं कुणी म्हटलं जुन्या पद्धतीनं करून द्या, तर मी भाव सांगतो आणि तो माणूस परत येत नाही."

मिस्त्री म्हणतात ते खरंच आहे. 1980 च्या दशकात ऑस्ट्रियाचं ग्लॉक आलं. त्याची खालची बॉडी पॉलिमरची, वजन कमी, मॅगझिनमध्ये सतरा गोळ्या. ब्रिटनच्या सैन्यानं कित्येक वर्षं हाय पॉवर वापरलं आणि 2013 मध्ये ते सोडून ग्लॉक घेतलं. कॅनडा तर दुसऱ्या महायुद्धात टोरंटोला इंग्लिस कंपनीनं बनवलेलीच पिस्तुलं कालपरवापर्यंत वापरत होता, त्यांनीही ती बदलली. एकेकाळी पन्नासहून जास्त देशांत हे पिस्तूल होतं. पण सरकारी ऑर्डरी आटल्या की एखाद्या हौशी माणसाच्या प्रेमावर कारखाना चालत नाही.

पोराचा आक्षेप वेगळाच होता. "काका, मॅगझिन काढलं की याचा चाप चालत नाही ना? मग त्यासाठीचा खटका मॅगझिनला घासतो, चाप जड होतो, खरखरतो. आमच्या एअर पिस्तुलाचा चाप पाचशे ग्रॅमचा असतो, पंचवीस मीटरला एक किलोचा. कुठं खेच सुरू झाली, कुठं सुटलं, हे बोटाला कळावं लागतं."

इथं काका चिडले. खरोखर चिडले.

"तू कागदावर मारतोस बाबा. आमच्या कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, दिवसाला चाळीस हत्यारं यायची. कुणी दमलेलं, कुणाची ड्युटी बदललेली, कुणाच्या घरून तार आलेली. मॅगझिन काढलं की माणसाला वाटतं पिस्तूल खाली झालं. नळीत एक राउंड राहिलेला असतो, तो न्हाई दिसत. त्या वक्ताला चाप चालला नाही म्हणून किती जीव वाचले असतील, त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात हाय का? जे घडलंच नाही त्याची नोंद होत नसती."

पोरगा गप्प बसला. पण त्याला पटलं नव्हतं, आणि मलाही पूर्ण पटलं नाही. यंत्रानं सांभाळलं की माणसाची तपासायची सवय सुटते, हा धोका आहेच. काकाच पुढं म्हणाले, की स्लाइड मागं ओढून, नळीत करंगळी घालून बघितल्याशिवाय त्यांनी एकही पिस्तूल टेबलावर ठेवू दिलं नाही. म्हणजे त्यांचाही भरवसा त्या खटक्यावर नव्हता.

गुरुजी इतका वेळ ऐकत होते. त्यांच्या वडिलांनी रझाकारांच्या भीतीनं 1948 चा उन्हाळा रानात काढलेला. हैदराबादला तेव्हा सिडनी कॉटन नावाचा वैमानिक कराचीहून विमानानं शस्त्रं आणत होता, हे गुरुजी दर 17 सप्टेंबरला शाळेत सांगायचे.

"बंद झालं तर दुःख कशाचं?" ते म्हणाले. "1940 मध्ये जर्मनांनी लिएज घेतलं आणि हेच पिस्तूल त्याच कारखान्यात स्वतःसाठी बनवून घेतलं. तिकडं कॅनडात तेच दोस्तांसाठी. 1982 मध्ये फॉकलंडला इंग्रजांच्याही कमरेला हेच आणि अर्जेंटिनावाल्यांच्याही. एवढं चांगलं, की दोन्ही बाजूंनी माणसं मारली. आपल्या शेजारी बीडला शस्त्र परवान्यांवरून काय झालं ते विसरलात? खिरापतीसारखे वाटलेले परवाने शेवटी रद्द करायची पाळी आली. एक मॉडेल बंद झालं, मी तर म्हणेन सगळीच होऊ देत."

गुरुजींपुढं उलट बोलायला मला जड जातं. त्यांनी मला पाचवीला शिकवलंय. पण त्यांच्या बोलण्यात एक फट राहते. एक मॉडेल बंद झालं म्हणून जगातलं एकही पिस्तूल कमी झालं नाही. त्याच्या जागी हलकं, स्वस्त आणि जास्त गोळ्यांचं आलं. आणि बीडचा प्रश्न परवाना कुणाला दिला हा आहे. नाइन एम एम तर आपल्याकडं साध्या माणसाला परवान्यावरही मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअर आहे. हे मी म्हटलं, तर गुरुजी म्हणाले, "तुझं तांत्रिक आहे. माझं ते नाही." आणि ते तिथंच राहिलं.

मला खरा झोंबला तो पोरानं नंतर सांगितलेला भाग. 2018 मध्ये जुनं बंद झालं आणि 2022 मध्ये एफ एननं नवं पिस्तूल काढलं. नाव तेच, हाय पॉवर. रूपही तसंच. सतरा गोळ्या, घोडा आता चावत नाही. पण जुन्या पिस्तुलाचं सामान त्याला लागत नाही आणि त्याचं जुन्याला लागत नाही.

"मग ते हाय पॉवर कसं?" काकांनी विचारलं.

हाच माझा मुद्दा. त्या रात्री मी तो नुसताच तावातावानं मांडला.

माझ्या दुकानात आत्ता एक पाच एच पी ची सबमर्सिबल पडून आहे. पूर्णा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची. अकरा वर्षं चालली, तिच्याइतकी चांगली मोटार मी कमी बघितली. कंपनीनं ते मॉडेल बंद केलं, ठीक आहे, तो त्यांचा धंदा. पण त्याच नावानं नवी मोटार काढली आणि तिचा बुश, म्हणजे शाफ्टभोवतीची बांगडी, जुनीत बसत नाही. सामानाच्या दुकानातला काउंटरवरचा पोरगा पुस्तकात नाव बघतो, "मिळेल" म्हणतो, मी तालुक्याहून माणूस बोलावून घेतो, आणि पुडका उघडला की माप दीड एम एम नं वेगळं. शेतकरी माझ्याकडं बघतो. हरभऱ्याला पाणी द्यायचंय त्याला. त्याच्या लेखी मीच खोटा.

मोटारीत निदान मोटारच जळते. पिस्तुलात तसं नाही. काकांनी चष्म्याचं घर हातात घेतलं आणि स्लाइड ओढल्यासारखं करून दाखवलं: सेफ्टी वरच्या खाचेत अडकवायची, उजव्या बाजूनं पिन दाबून काढायची, मग स्लाइड, नळी, स्प्रिंग सगळं पुढून निघतं. हत्यार न लागता. "आणि मग इथं बघायचं," ते म्हणाले आणि घराच्या बिजागरीवर नख ठेवलं. "सिअर. घोड्याला अडवून धरणारा तुकडा, नखाएवढा. याची कड झिजली की चाप हलका होतो. पोरं खूश होतात, म्हणतात चाप मस्त झाला. तो मस्त झालेला नसतो, तो मरायला लागलेला असतो."

एकदा त्यांच्याकडं असंच एक पिस्तूल आलं. सिअरची कड गोल झालेली, स्टोअरमध्ये नवा सिअर नाही. एकानं सुचवलं, कानस मारून धार काढ, चालतंय. काकांनी पिस्तुलाला लाल चिठ्ठी बांधली, बेकाम म्हणून बाजूला ठेवलं आणि चार महिने सामानाची वाट बघितली. त्यावरून बोलणी खाल्ली. पण कानस लावली नाही. कडक केलेला थर वरचाच असतो, तो घासला की खालचं मऊ लोखंड उघडं पडतं, हे मिस्त्रींनी लगेच ओळखलं. आख्ख्या रात्रीत ते दोघं एकमताचे झाले ते तेवढ्याच एका गोष्टीवर.

आता विचार करा, जगभरात ही पिस्तुलं लाखांनी पडलीत. 1940 च्या दशकातलीसुद्धा चालू आहेत, कारण पोलाद चांगलं आहे. बॉडी पन्नास वर्षं आणखी टिकेल. स्प्रिंग आणि सिअर टिकणार नाहीत. सामान मिळेनासं झालं की कुणीतरी, कुठंतरी, कानस उचलणार. कंपनीनं मॉडेल बंद करावं, खुशाल करावं. पण जे विकलंय त्याच्या नखाएवढ्या तुकड्याची सोय ठेवावी, आणि ती ठेवायची नसेल तर जुनं नाव तरी दुसऱ्या वस्तूला देऊ नये. त्या नावावर विसंबून कुणी चुकीचा तुकडा बसवला तर?

गुरुजी म्हणाले, "म्हणजे बंदुका नीट चालाव्यात एवढंच तुझं म्हणणं."

"नको तेव्हा चालू नयेत, हे माझं म्हणणं आहे, गुरुजी."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढ्यापुरतं हो म्हणतो."

पोरानं मोबाइल खिशात घातला आणि विचारलं, "काका, अकॅडमीत माझ्या पिस्तुलाचा चाप परवापासून हलका वाटायलाय. मला आवडलंय ते. उद्या बघाल का?"

काका म्हणाले, "सकाळी येतो. तोवर हात लावू नको त्याला."

मी शटर ओढायला उठलो तेव्हा मिस्त्री आत जाऊन त्या सबमर्सिबलजवळ वाकून उभे होते. "जुना बुश कुठाय?" त्यांनी विचारलं. मी डबीतून काढून दिला. त्यांनी तो दिव्याखाली फिरवून बघितला, आतून बोट फिरवलं. "गनमेटलचा करू. गुरुवारी ने. शाफ्टचं माप मात्र उद्या उजेडात घे, आता नको."