चूक टांकसाळीची की हातोडीची? लाखमोलाच्या नाण्यांच्या निरोपाला उत्तर

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या बहुतेक ग्रुपवर हा निरोप अधूनमधून येऊन पडतो. त्याचा आशय असा : घरातली चिल्लर तपासा. वर्षाखाली ठिपका किंवा चांदणी असलेलं, दुहेरी अक्षरांचं, कड खाल्लेलं, वाकडंतिकडं, वैष्णोदेवीचं, असं कुठलंही 'चुकीचं' नाणं सापडलं तर त्याचे लाखो रुपये मिळतात. फोटो पाठवा, नोंदणी करा, रिझर्व्ह बँकेची मान्यता असलेली कंपनी पैसे देईल.

हा निरोप वाचून शाळकरी पोरं गल्ल्यातली नाणी पालथी घालतात आणि एखादं नाणं घेऊन विचारत येतात, "हाई कितलाले जाई, भाऊ?" त्यांचा उत्साह खरा असतो, म्हणून हे उत्तर मनापासून आणि सविस्तर लिहितोय. किमतीचा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे, की नाण्याची ही अवस्था टांकसाळीत झाली की बाहेर आल्यावर?

त्यासाठी नाणं कसं पाडतात एवढं माहीत हवं. धातूच्या लांब पट्टीतून कोऱ्या चकत्या कापतात. त्या भट्टीत तापवून नरम करतात, मग त्यांची कड दाबून जराशी उचलतात. शेवटी चकती दोन साच्यांच्या मध्ये येते, भोवती कॉलर नावाची पोलादी कडी असते, आणि एका दाबात दोन्ही बाजूंचे ठसे उमटतात. खरी चूक यांतल्याच कुठल्यातरी पायरीवर होते. पायरी सांगता आली नाही, तर त्या नाण्याला चुकीचं नाणं म्हणायची घाई करू नये.

आता निरोपातलं एकेक विधान घेऊ.

"वर्षाखाली ठिपका, चांदणी, चौकट असेल तर ते नाणं दुर्मीळ." ही टांकसाळीची खूण आहे, मुद्दाम घातलेली. आपल्या देशात चार टांकसाळी आहेत. मुंबईची खूण पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची, हैदराबादची चांदणी, नोएडाचा गोल ठिपका, आणि कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. म्हणजे खूण नसणं हीसुद्धा चूक नाही. काही नाणी परदेशातही पाडून घेतली होती. 1985च्या एक रुपयावर बर्मिंगहॅमचा 'एच' सापडतो, पाच रुपयांच्या काही नाण्यांवर मॉस्कोची रशियन अक्षरांतली खूण असते. खुणांची वही करून बसलात तर वर्षभर पुरेल इतका आनंद आहे यात, पण ही चूक नव्हे.

दहा रुपयांच्या नाण्याचंही तसंच. वरच्या रेषा कमी-जास्त दिसल्या की कोणी त्याला नकली ठरवून परत करतो, कोणी दुर्मीळ म्हणून डबीत ठेवतो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये स्पष्ट केलं होतं, की तोवर दहा रुपयांची 14 वेगवेगळ्या नक्ष्यांची नाणी निघाली होती आणि ती सगळी चलनात वैध आहेत. वैष्णोदेवीची पाच आणि दहा रुपयांची नाणी 2012ची, श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त काढलेली. ती चलनासाठीच होती, अजूनही सुट्ट्या पैशांत मिळतात.

"चुंबकाला चिकटत नाही" किंवा "वजनाला हलकं भरतं" हाही निरोपाचाच एक फाटा. धातू बदलत गेला आहे, एवढंच त्याचं कारण. अकरा कोनांचं जुनं दोन रुपयांचं नाणं तांबं-निकेलचं, त्याला चुंबक लागत नाही. नंतरचं गोल नाणं पोलादी, ते पटकन चिकटतं. पाच रुपयांचं जुनं जाड नाणं 9 ग्रॅमचं होतं, नंतर 6 ग्रॅमची निघाली. एकाच वर्षाची, एकाच टांकसाळीची दोन नाणी शेजारी ठेवून वजनात मोठा फरक आला, तर मात्र थांबून बघा; दुसऱ्याच नाण्याची चकती चुकून साच्याखाली गेलेली असू शकते. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आपल्या जळगावात कुठल्याही सराफाकडे असतो. ओळखीचा असेल तर वजन करून देतो.

"कड खाल्लेलं, वाकडं, चपटं नाणं म्हणजे टांकसाळीची चूक." सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

कड कापलेलं खरं नाणं कसं तयार होतं? लाटलेल्या पोळीतून वाटीने पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली की पुरीला चंद्रकोरीसारखा तुकडा कमी पडतो. पट्टी नीट पुढे सरकली नाही की चकतीचंही तसंच होतं. आता बारकावा बघा. चकतीची कड उचलताना ती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला तुकडाच नसेल तर तिथे दाब बसत नाही, त्यामुळे बरोबर समोरच्या बाजूलाही कड नीट उठत नाही. म्हणून खऱ्या कापलेल्या नाण्यात कापाच्या समोरची किनार पुसट, दबलेली असते. शिवाय कापाजवळची अक्षरं कापाकडे किंचित ओढलेली, पसरलेली दिसतात, कारण दाबाखाली धातू मोकळ्या जागेकडे सरकतो. कानशीने किंवा कातरीने नंतर कापलेल्या नाण्याची समोरची किनार ठणठणीत असते आणि अक्षर मधोमध तुटतं. ही खूण एकदा डोळ्यात बसली की मग कोणी फसवू शकत नाही.

चपट्या नाण्यांबद्दल भुसावळकरांना वेगळं सांगायला नको. रुळावर ठेवलेलं नाणं चाकाखालून लांबट आणि पातळ होऊन निघतं, दोन्ही बाजूंची अक्षरं एकाच दिशेला ताणलेली असतात. असं नाणं 'टांकसाळीची चूक' म्हणून विकायला ठेवलेलं मी पाहिलं आहे. टांकसाळीचा साचा अक्षरं अशी कधीच ओढत नाही. आणि पोरांनो, रुळाजवळ जाऊ नका. नाणं मुद्दाम नष्ट करणं 2011च्या नाणे कायद्यानुसार गुन्हाही आहे.

मग उलट्या ठशाचं नाणं. एका बाजूला नेहमीचा ठसा, दुसऱ्या बाजूला तोच ठसा आरशातल्यासारखा उलटा आणि खोलगट. आधीचं नाणं साच्यालाच चिकटून राहिलं आणि पुढच्या चकतीवर त्या नाण्याचाच दाब बसला की हे घडतं. जुने संग्राहक त्याला लक्खी म्हणतात. हे नाणं खरोखर देखणं असतं, म्हणूनच त्याची नक्कल होते : दोन नाणी शिकंज्यात एकमेकांवर दाबायची, झालं काम. भिंगाखाली नक्कल लगेच कळते. दाबलेल्या उलट्या अक्षरांखाली त्या बाजूचा मूळ ठसा चिरडलेल्या अवस्थेत उरलेला असतो. खऱ्या लक्खीत त्या बाजूला दुसरं काही कधी उमटलेलंच नसतं, त्यामुळे खोलगट चित्र स्वच्छ दिसतं.

दहा रुपयांच्या नाण्याचा मधला गाभा ठोकून काढायचा आणि नुसती कडी विकायची, हाही धंदा चालतो. टांकसाळीत गाभा नसतानाच दाब बसला, तर कडीचा धातू आत सरकतो आणि भोक ओबडधोबड होतं. ठोकून काढलेल्या कडीचं भोक गोल राहतं आणि आतल्या कडेवर हत्याराचे ओरखडे दिसतात.

"अक्षरं दुहेरी दिसली की लाख रुपये." दुहेरी दिसण्याची कारणं दोन. एकात साचा बनवतानाच ठसा दोनदा, थोडा सरकून बसलेला असतो. अक्षरांचे दोन्ही भाग सारखे उंच, गोलाईदार असतात आणि कोपऱ्यांना खाच दिसते. त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तेच येतं. दुसऱ्यात दाब दिल्यानंतर साचा किंचित हलतो आणि उठलेल्या अक्षराची कड घासली जाते. तिथे एक सपाट, चकचकीत पायरी दिसते, आणि मूळ अक्षर उलट बारीक झालेलं असतं. गल्ल्यातून निघणारी दुहेरी अक्षरं बहुतेक या दुसऱ्या प्रकारची. त्यांना संग्राहक जवळपास काहीच देत नाहीत.

रेघांचं थोडक्यात : साच्याला तडा गेला तर नाण्यावर उंच रेघ येते, नाण्यावरच नंतर ओरखडा पडला असेल तर रेघ खोल असते. नखाने नाही, भिंगाने बघा. अक्षर गायब असेल तर बहुधा साच्याच्या खाचेत वंगण आणि धातूची भुकटी बसलेली असते. ती खरी चूक आहे, पण अगदी नेहमीची.

फिरलेल्या ठशाची परीक्षा घरबसल्या होते. नाण्याचा वरचा आणि खालचा काठ दोन बोटांत धरा आणि आडवं फिरवा. आपल्या नाण्यांची मागची बाजूही सरळच आली पाहिजे. थोडा कल असेल तर सोडून द्या. पार आडवी किंवा उलटी आली तर ते नाणं बाजूला ठेवा. अमेरिकेच्या नाण्यांची रचना मुळातच उलटी असते, त्यामुळे तिकडचे व्हिडिओ बघून आपली नाणी तपासू नका.

किमतीचं बोलायचं तर खऱ्या चुकीलाही लाख मिळतातच असं नाही. चूक किती ठळक, नाणं कुठलं, किती घासलेलं, यावर सगळं ठरतं. ठसा बाजूला सरकलेल्या नाण्यावर वर्ष पूर्ण वाचता आलं तर त्याला मान जास्त. ऑनलाइन कोणी दहा लाख लिहिले म्हणजे ते मिळाले असं होत नाही. लिलावात प्रत्यक्ष कितीला गेलं ते बघा.

राहिली रिझर्व्ह बँकेची मान्यता. नाणी पाडण्याचं काम भारत सरकारचं. रिझर्व्ह बँक ती फक्त चलनात आणते. 4 ऑगस्ट 2021 रोजी बँकेने लोकांना जाहीर इशारा दिला, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत ती कुठल्याही रूपात नाही, त्यासाठी शुल्क किंवा कमिशन कोणाकडून मागत नाही, आणि आपल्या वतीने ते मागण्याचा अधिकार तिने कोणत्याही संस्थेला किंवा व्यक्तीला दिलेला नाही. तरीही आधी 'नोंदणी', मग 'जीएसटी', मग 'कुरिअर' अशा नावांनी हे भामटे पैसे मागत राहतात आणि नाणं शेवटपर्यंत आपल्याच घरात राहतं. माल घेणारा कधी आपल्याकडून पैसे मागत नाही, हे आपल्या बाजार समितीत केळी विकणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते.

सुरुवात करायची असेल तर दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि महिनाभर फक्त साधी, बिनचुकीची नाणी बघा. त्यांची कड, अक्षरांची उंची, किनारीची जाडी डोळ्यात बसू द्या. आणि एखादं नाणं सगळ्या परीक्षांतून खरं उतरलंच, तर त्याला चिंच, लिंबू, पितांबरी काहीही लावू नका. घासलेलं नाणं खरं असलं तरी त्याची किंमत पडते. कडेने धरा, दोन्ही बाजूंचे आणि काठाचे फोटो काढा, वजन लिहा, आणि कागदी होल्डरमध्ये ठेवून द्या.