बारकोडवरील ८९० या आकड्यांविषयी खुलासा

‘बारकोड ८९० ने सुरू होत असेल तरच वस्तू भारतात तयार झालेली समजावी आणि तीच घेऊन आपल्या लोकांचा रोजगार वाचवावा’, असा मजकूर सध्या सांगलीतील अनेक व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत आहे. त्यामागील हेतू चांगला असला, तरी माहिती चुकीची आहे.

८९० हे आकडे उत्पादनाचा देश दाखवत नाहीत. संबंधित कंपनीने आपला क्रमांक जीएस-वन इंडिया या संस्थेकडून घेतला आहे, एवढेच त्यावरून कळते. त्यामुळे परदेशात बनवून घेतलेल्या मालावर भारतीय कंपनीचा ८९० असू शकतो आणि उलट, इथल्याच कारखान्यात इथल्याच कामगारांनी केलेल्या वस्तूवर परदेशी कंपनीचा वेगळा क्रमांक असू शकतो. शिवाय तासगावच्या शेतकऱ्याकडून सुटे बेदाणे घेतले किंवा मिरजेच्या कारागिराकडून तंबोरा घेतला, तर बारकोड शोधणार तरी कुठे?

खात्री करायचीच असेल, तर वेष्टनावरचा बारीक मजकूर वाचावा. वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजन-मापांविषयीच्या, २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार उत्पादकाचे, वेष्टन करणाऱ्याचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, तसेच आयात मालावर मूळ देश छापणे बंधनकारक आहे. ‘विपणनकर्ता’ (मार्केटेड बाय), म्हणजे माल बाजारात विकणारा, म्हणून दिलेला पत्ता मात्र कारखान्याचाच असतो असे नाही. नेमकी इथेच बहुतेकांची फसगत होते.