उधारी रिपोर्टबद्दलच्या एक स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, मार्च एन्डच्या गडबडीत तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. ऐन वसुलीच्या वेळी पार्ट्यांची यादी कोरी आली की काय होतं ते मला कळतं, मी पण धंदाच करतो.

पण 'एक शब्द टाकायचे तीन हजार घेतले, शुद्ध लूट' असं तुम्ही लिहिलंय ते फार लागलं. सर, तो शब्द 'लिस्ट' होता आणि पैसे त्याचे नव्हते, तो कुठं टाकायचा हे शोधायचे होते.

तुमचा प्रोग्राम पायथॉन 2 चा, म्हणजे पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीतला. त्यात मॅप (यादीतल्या प्रत्येकावर तेच काम करणारी कमांड) चालवलं की सगळ्यांची बाकी लगेच काढून तयार लिस्ट मिळायची, कितीही वेळा वाचा. नवीन पीसीवरच्या पायथॉन 3 मध्ये मॅप आधी काहीच काढत नाही, मागाल तसं एकेक देतं आणि एकदा शेवटापर्यंत गेलं की संपलं. हा बदल 2008 सालापासून भाषेतच आहे, आमच्या घरचा नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये आधी बेरीज होते, मग नावं छापतात, त्यामुळं बेरजेतच सगळं संपायचं, वर एकूण आकडा पैशापर्यंत बरोबर आणि खाली एक नाव नाही, एररही नाही. मी तपासायला बेरजेच्या आधी यादी छापून बघितली तर नावं दिसली आणि बेरीजच शून्य झाली, कारण बघण्यातच ती संपली! मॅपला 'लिस्ट' लावलं की पूर्वीसारखी तयार यादी मिळते, पण असलं दुखणं सापडायला वेळ लागतो सर.

आणि वसुलीचे एसएमएस पण बंद होते, ते तुम्हाला माहीतच नव्हतं. तिथंही मॅपच होतं, त्याच्याकडून पुढं कुणी काही मागतच नव्हतं म्हणून एकही मेसेज जात नव्हता. ते मी शोधलं, मग मॅप आणि तशाच वागणाऱ्या फिल्टर, झिप या कमांड जिथं जिथं आहेत ती प्रत्येक ओळ वाचली, त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.

नवीन पीसीवर पायथॉन 3 तुमच्या भाच्यानं टाकलं, छापायच्या 'प्रिंट' कमांडला नव्या आवृत्तीत लागतात ते कंस लावले, प्रोग्राम सुरू झाला. पोरगा हुशार आहे, त्याला मी नाव ठेवत नाही, पण आम्हाला आधी एक फोन केला असता तर बरं झालं असतं. पायथॉन 2 चा सपोर्ट 1 जानेवारी 2020 ला संपला तेव्हाच मी अपग्रेडचं बोललो होतो, तुम्ही म्हणालात चालतंय तोवर चालू दे. तीन हजारांचा आकडा पण फोनवर आधी सांगितला होता, तुम्ही 'करा' म्हणालात.

इथून पुढं बिलात कामाचा तपशील लिहू, जुना-नवा रिपोर्ट टॅली करायचं पण काहीतरी बघतो. रिव्ह्यू काढा म्हणत नाही, फक्त 'लूट' शब्द बदला, नवीन गिऱ्हाईक आधी तेच वाचतंय. मेसेज सगळ्या पार्ट्यांना जातायत ना, तेवढं कळवा.