नजारा ठीक, पण झोपेचं काय?
"पहिल्यांदाच जाताय तर सगळ्यात वरच्या डेकवरची, पुढच्या टोकाची खोली घ्या" हा क्रूझ जहाजावर खोली कशी निवडावी या लेखातला सल्ला मला अजिबात पटला नाही. आम्ही नेमकं तेच केलं होतं. दुसऱ्या रात्री समुद्र जरा खवळला आणि कपाटातले हँगर पहाटेपर्यंत खटखट आपटत राहिले. सासूबाई पलंगाची कड धरून बसलेल्या. ज्या बाल्कनीसाठी जादा पैसे मोजले, तिचं दार कोणी उघडलंसुद्धा नाही! जहाज सी-सॉसारखं डोलतं, त्यामुळे मधल्या भागात, खालच्या डेकवर हेलकावे सगळ्यात कमी लागतात. स्टॅबिलायझर असतात हे खरं, पण ते डावी-उजवीकडे डुलणं कमी करतात; पुढचं टोक वर-खाली व्हायचं ते होतंच.

आणि मळमळीची गोळी त्रास सुरू व्हायच्या आधीच घ्यायची असते, हे लिहायला हवं होतं. आम्ही उलट्या सुरू झाल्यावर शोधायला लागलो, तीही मोठ्या बॅगेच्या तळाशी. (मुलं मात्र ढाराढूर झोपली होती, त्यांना काही पत्ताच नाही.) पुढच्या वेळी मधली खोली, खिडकी नसली तरी चालेल.